‘कुणाकडून तरी भरून घ्या’

विद्यापीठाच्या कर्मचारी पोर्टलवर दृष्टिहीन प्राध्यापकाला स्वतःच्या रजेचा अर्ज भरता येत नाही, अशी तक्रार कार्यालयात गेली की उत्तर ठरलेलं असतं : “एवढंच ना सर? कुणाकडून तरी भरून घ्या.” हे सांगणारा माणूस दुष्ट नसतो. तो खुर्ची पुढे सरकवतो, चहा सांगतो, शेजारच्या ऑपरेटरला हाक मारतो आणि पाच मिनिटांत अर्ज भरूनही होतो. सर आभार मानून उठतात. तक्रार मिटते. पोर्टल मात्र होतं तसंच राहतं आणि पुढच्या रजेला सर पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसतात.

त्या माणसाच्या चांगुलपणाबद्दल मला शंका नाही. वाद आहे तो त्या वाक्याशी. कुलसचिवांच्या दालनापासून स्टाफरूमपर्यंत ते इतक्या सहजपणे उच्चारलं जातं, की ते एक धोरण आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही. ते धोरण आहे, चुकीचं आहे, आणि त्याच्या समर्थनार्थ जे जे सांगितलं जातं त्यातलं फार थोडं तपासणीला टिकतं.

पूर्वी कर्मचाऱ्याचा सगळा संसार आस्थापना विभागाच्या कपाटात असे. किरकोळ रजेचा अर्ज कागदावर, अर्जित रजेचा हिशेब कारकुनाच्या रजिस्टरात, वेतनवाढीची नोंद सेवापुस्तकात आणि फॉर्म १६ साठी लेखा विभागात चकरा. दृष्टिहीन कर्मचारी तेव्हाही होते. ते तोंडी सांगत, कुणीतरी लिहून देई, ते सही करत. यात त्यांना फार वेगळं काही वाटत नसावं, कारण डोळस प्राध्यापकही त्याच कारकुनाच्या तोंडाकडे पाहत ताटकळत बसलेला असे. आता ते काम कार्यालयानं कर्मचाऱ्याकडे सोपवलं आहे. रजा तुम्हीच टाका, पगारपत्रक तुम्हीच उतरवून घ्या, गुंतवणुकीचा तपशील तुम्हीच भरा, पदोन्नतीचा अर्ज तुम्हीच भरा आणि त्याचे पुरावेही तुम्हीच चढवा. कागद वाचला, खेपा वाचल्या, हे चांगलंच झालं. पण कार्यालयानं स्वतःचं काम दुसऱ्याच्या अंगावर टाकलं, तर ते काम त्याला करता येईल असं साधन देण्याची जबाबदारी कार्यालयाकडेच राहते. तेवढी जबाबदारी गाळून बाकीचा फायदा घ्यायचा, असं सध्या चाललं आहे.

त्र्यंबकेश्वरातून पाहिलं की हे अधिक स्पष्ट दिसतं. इथं मराठा विद्या प्रसारक समाजाचं कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय आहे. ते पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाशी संलग्न. ब्रह्मगिरीच्या पायथ्यापासून गणेशखिंडीतल्या विद्यापीठापर्यंत दोनशे किलोमीटरहून जास्त अंतर. नाशिकला विद्यापीठाचं उपकेंद्र आहे खरं, पण शिक्षकाची माहिती, परीक्षेचं काम, मानधनासाठी बँकेचा तपशील हे सगळं पडद्यावरूनच चालतं. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं महाविद्यालय व विद्यापीठ विकास मंडळाची, म्हणजे ‘बीसीयूडी’ची, जुनी व्यवस्था मोडीत काढली, तरी शिक्षक अजून ‘बीसीयूडीला लॉगिन कर’ असंच म्हणतात. पगाराची बाजू राज्य सरकारच्या सेवार्थ प्रणालीवर. या नावांवर मी इथं कोणताही दोष ठेवत नाही. भूगोल कळावा म्हणून ती घेतली. पुण्यात राहणाऱ्याला पोर्टल अडलं तर रिक्षा करून कार्यालय गाठता येतं. त्र्यंबकच्या, हरसूलच्या, पेठ-सुरगाण्याच्या शिक्षकाला पोर्टल हाच एकमेव दरवाजा असतो. ‘कार्यालयात या, आम्ही करून देतो’ या आश्वासनाचा अर्थ त्याच्यासाठी एवढाच, की रजेचा अर्ज भरायला आधी एक रजा काढा.

आता आक्षेपांकडे वळू. सगळ्यांत आवडता आक्षेप संख्येचा. “आमच्याकडे अंध कर्मचारी आहेतच किती? दोघं की तिघं? त्यांच्यासाठी सगळी प्रणाली बदलायची?”

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम ३४ नुसार सरकारी आस्थापनांत किमान चार टक्के जागा दिव्यांगांसाठी राखीव आहेत. त्यातला एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींसाठी, एक टक्का कर्णबधिरांसाठी, एक टक्का चालण्या-हलण्यातल्या अपंगत्वासाठी. हजारो कर्मचाऱ्यांच्या विद्यापीठात दृष्टिहीन माणसं दोन-तीनच असतील, तर ती संख्या पोर्टलच्या बचावासाठी पुढे करणं धाडसाचंच आहे. एका उल्लंघनाचा खुलासा म्हणून दुसऱ्याची कबुली दिल्यासारखं ते होतं.

शिवाय मोजणारा फक्त पांढरी काठी मोजतो. कायद्याच्या अनुसूचीत २१ प्रकारची अपंगत्वं आहेत. पार्किन्सनमुळे ज्याचा हात थरथरतो, त्याला माउसनं कॅलेंडरातला चिमुकला चौकोन पकडता येत नाही. ज्याला ऐकू येत नाही, त्याच्यासाठी ‘पोर्टल कसं वापरावं’ हा उपशीर्षकं नसलेला व्हिडिओ निरुपयोगी. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले, आणि तेव्हा मोजणीला आठच प्रकार होते. बरं, अपंगत्व काही नेमणुकीच्या दिवशी कायमचं ठरत नाही. विद्यापीठाचा शिक्षक साठाव्या वर्षी निवृत्त होतो. मधुमेहानं दृष्टिपटल बिघडण्याचं, काचबिंदूनं नजरेचा परीघ आक्रसण्याचं हेच वय. सेवेत असताना अपंगत्व आलेल्याला कामावरून कमी करता येणार नाही, असं कलम २० सांगतं. नोकरी टिकली, पण नोकरीची कागदपत्रं डोळ्यांआड गेली, अशी ही गत.

आणि ही संख्या कार्यालयाला कळणार तरी कशी? सरांचा अर्ज ऑपरेटरनं भरला, तो सरांच्या लॉगिनमधून. सर्व्हरच्या नोंदीत तो सरांनीच भरलेला दिसतो. वर्षाअखेरीच्या अहवालात ‘शंभर टक्के अर्ज ऑनलाइन’ असं छापून येतं. म्हणजे जो अर्ज पोर्टलच्या अपयशाचा पुरावा, तोच यशाचा आकडा म्हणून मिरवतो. ‘आमच्याकडे आजवर एकही तक्रार नाही’ हे वाक्यही याच खाणीतलं. तक्रार नोंदवायचं पान त्याच लॉगिनच्या आत असतं, हे बोलणाऱ्याच्या ध्यानातही नसतं.

डोळे मिटून रजेच्या अर्जाचं पान कसं लागतं, हे सांगायला हवं, कारण निर्णय घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते कधी ऐकलेलं नसतं. दृष्टिहीन माणूस संगणक वापरतो तो स्क्रीन रीडरच्या आधारानं. पडद्यावर काय आहे ते हे सॉफ्टवेअर बोलून दाखवतं. त्यातलं एनव्हीडीए फुकट मिळतं. मायकेल करन आणि जेम्स तेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ साली ते सुरू केलं. मराठीही ते वाचतं. म्हणजे कर्मचाऱ्याच्या बाजूची तयारी पूर्ण असते. आता तो टॅब दाबत पुढे जातो आणि कानावर येतं : ‘एडिट, रिकामं’. पुन्हा टॅब. ‘एडिट, रिकामं’. पडद्यावर चौकटीशेजारी ‘रजेचा प्रकार’, ‘पासून’, ‘पर्यंत’ असं नीट छापलेलं आहे, पण ती अक्षरं आणि ती चौकट यांची गाठ कोडमध्ये बांधलेलीच नाही. कुठली तारीख कुठल्या चौकटीत जाते, हे अंदाजानं ठरवायचं. तारीख टंकता येत नाही, कारण कॅलेंडर फक्त माउसच्या टिचकीला उघडतं. कसाबसा अर्ज दाखल करावा तर काहीच होत नाही. पडद्यावर एक चौकट लाल झालेली असते, लाल रंगाला आवाज नसतो. शोधाशोध होईपर्यंत सत्राची मुदत संपते आणि पान परत लॉगिनवर नेऊन सोडतं. तिथं वाकडीतिकडी अक्षरं ओळखून ‘तुम्ही माणूस आहात’ हे सिद्ध करायचं. ती ऐकवण्याची सोय नाही. महिनाअखेरी पगारपत्रक उतरवलं, तर ते कागदाचं छायाचित्र निघतं. स्क्रीन रीडर म्हणतो, ‘ग्राफिक’. पगार किती झाला, याचं त्याच्याकडून मिळणारं उत्तर एवढंच.

मराठी पानांचा आणखी एक खास छळ आहे. पान मराठीत असतं, पण त्याच्या सुरुवातीच्या कोडमध्ये भाषा ‘इंग्रजी’ अशी लिहिलेली राहते, कारण साचा इंग्रजीतून उचललेला. मग इंग्रजी आवाज देवनागरीशी झटापट करतो. काही शब्द गिळतो, काहींची अक्षरं सुटी सुटी उच्चारतो. त्याहून वाईट म्हणजे युनिकोड येण्याआधीचे फॉन्ट. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी यांत टंकलेलं परिपत्रक डोळ्याला शुद्ध मराठी दिसतं, पण आतमध्ये ती रोमन अक्षरांची खिचडी असते आणि स्क्रीन रीडर ती खिचडीच वाचतो. आणि युनिकोडमध्ये नीट टंकलेलं परिपत्रकसुद्धा आपण वाचनीय ठेवत नाही. ते छापतो, त्यावर सही-शिक्का घेतो, स्कॅन करतो आणि तो फोटो वेबसाइटवर चढवतो. टंकताना जो मजकूर होता, तो सहीच्या मानासाठी चित्र करून टाकला जातो. या एका सवयीवर अख्खा लेख लिहिता येईल.

यात सुधारायला अवघड असं काय आहे? चौकटीला नाव बांधणं ही कोडची एखादी ओळ. तारीख टंकू देणं, चूक शब्दांत सांगणं, मुदत संपण्याआधी ‘आणखी वेळ हवा का?’ असं विचारणं, ही कामं चंद्रावर जाण्याची नव्हेत. वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं मे १९९९ मध्ये पहिल्यांदा आली. आपल्या सरकारनं सरकारी संकेतस्थळांसाठी स्वतःच्या मार्गदर्शक सूचना २००९ मध्ये काढल्या, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ ची आहे. भारतीय मानक संस्थेचं आयएस १७८०२ हे मानकही आहे. म्हणजे कुणाला ‘कसं करायचं ते माहीत नव्हतं’ असं म्हणायची सोय राहिलेली नाही.

इथं दुसरा आक्षेप येतो, आणि तो सहसा विधी विभागाकडून येतो. “या सगळ्या सूचना आहेत हो. बंधनकारक कुठं आहेत?” अलीकडे याला एक नवी फोडणी मिळाली आहे : सर्वोच्च न्यायालयानंच तो नियम रद्द केला ना? केला, खरं आहे. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयानं २०१७ च्या नियमावलीतला नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला. पण कशासाठी? कायद्याची भाषा सक्तीची असताना नियम फक्त शिफारशी करत होता, म्हणून. किमान सक्तीचे निकष वेगळे काढून नियम करा, असं केंद्राला सांगून न्यायालयानं तीन महिन्यांची मुदत दिली. नियम फार मवाळ म्हणून पडला, आणि आपल्याकडे त्याचा अर्थ ‘आता नियमच नाही’ असा लावला जातो. संहिता न वाचता निकाल वाचला की असं होतं. मूळ कायदा जागेवर आहे. कलम ४२ माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेचं, कलम ४६ सेवा देणाऱ्यांना दोन वर्षांची मुदत घालणारं, कलम ८९ दंडाचं : पहिल्या उल्लंघनाला दहा हजारांपर्यंत, नंतरच्याला पन्नास हजार ते पाच लाख.

‘आम्ही सरकारी नाही, आम्ही फक्त अनुदानित’ ही पळवाटही बंद आहे. कायद्यानं सरकारी आस्थापनेची जी व्याख्या केली, तिच्यात केंद्राच्या वा राज्याच्या कायद्यानं स्थापन झालेल्या संस्था येतात, तशाच सरकारचं अनुदान घेणाऱ्याही येतात. विद्यापीठ पहिल्या दारानं आत येतं, त्र्यंबकचं किंवा कुठलंही अनुदानित महाविद्यालय दुसऱ्या. अशा प्रत्येक आस्थापनेनं तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, तक्रारींची नोंदवही ठेवायची आणि नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी करायची, हे कलम २३ मध्ये आहे. आपल्या महाविद्यालयात हा अधिकारी कोण, असं प्राचार्यांना सहज विचारून पाहावं. उत्तर यायला किती वेळ लागतो, तेही पाहावं.

मग येतो प्रमाणपत्राचा आणि बटणांचा बचाव. वेबसाइटच्या वरच्या कोपऱ्यात ‘अ+’ आणि ‘अ–’ अशी बटणं असतात, शेजारी व्हीलचेअरचं निळं चित्र. ते दाबलं की पडदा काळा नि अक्षरं पिवळी होतात. ‘बघा, आमची साइट सुगम्य आहे.’ अक्षर मोठं करण्याची सोय ब्राउझरमध्ये आणि फोनमध्ये आधीपासून असते. बटणानं नवीन काही दिलेलं नसतं, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला तर काहीच नाही. चौकटीला नाव नसेल तर अक्षर मोठं झाल्यानं नाव येत नाही. एक तयार विजेट चिकटवलं की साइट आपोआप सुगम्य होते, असा दावा करणाऱ्या अॅक्सेसिबी या कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२५ मध्ये दहा लाख डॉलर भरायला लावले, कारण दावा खोटा होता. प्रमाणपत्राचंही तसंच. ते ज्या पानांची तपासणी झाली त्यांच्यापुरतं असतं, आणि तपासनीसाला दाखवली जातात ती दर्शनी पानं : कुलगुरूंचा संदेश, छायाचित्रांचं दालन, संपर्क. लॉगिनच्या मागे कर्मचारी जिथं रोज जातो, ती पानं तपासायला लॉगिन द्यावं लागतं. ते दिलं होतं का, एवढाच प्रश्न विचारा.

सुरक्षेचा आक्षेप थोडा गंभीरपणे घ्यायला हवा. “कॅप्चा काढला, मुदत वाढवली तर हॅकर घुसतील. पगाराची माहिती आहे आत.” काळजी रास्त आहे. पण वाकडी अक्षरं हा एकच पहारा नाही. ओटीपी आहे, फोनमधलं अॅप आहे, मुदत संपण्यापूर्वीचा इशारा आहे. आणि सुरक्षेची एवढी काळजी असलेल्या कार्यालयानंच ‘कुणाकडून तरी भरून घ्या’ म्हणावं, हे मला कधीच समजलेलं नाही. भरून घ्यायचं म्हणजे पासवर्ड सांगायचा, फोन हातात देऊन ओटीपी वाचून घ्यायचा. एकीकडे ‘पासवर्ड कुणालाही सांगू नये’ असं परिपत्रक काढायचं आणि दुसरीकडे काही कर्मचाऱ्यांना तो रोज सांगायला भाग पाडायचं. त्या लॉगिनच्या आत काय काय असतं? पॅन, बँक खातं, वैद्यकीय बिलं, रजेचं कारण म्हणून लिहिलेला आजार, गोपनीय अहवाल. उद्या याच कर्मचाऱ्याला वरिष्ठाविरुद्ध तक्रार करायची असेल, तर तीही त्याच वरिष्ठाच्या ऑपरेटरकडून टंकून घ्यायची का? सगळ्यात शेवटी एक छोटी चौकट असते : ‘वरील माहिती मी वाचली असून ती सत्य आहे.’ ज्याला ती माहिती पोर्टलनं वाचू दिली नाही, त्याच्या नावावर ती चौकट टिचकीनं भरली जाते. उद्या तपशील चुकला तर वसुली ऑपरेटरच्या पगारातून होणार नाही.

प्रज्ञा प्रसून यांचं प्रकरण इथं आठवतं. अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या या बाई बँकेत खातं उघडायला गेल्या, तर केवायसीच्या यंत्रणेनं जिवंत असल्याचा पुरावा म्हणून डोळे मिचकावायला सांगितलं. त्यांना ते शक्य नव्हतं. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि वीस निर्देश दिले. आता चेहरा दाखवून हजेरी लावणारी अॅपं कार्यालयांत येत आहेत, पेन्शनरांचा हयातीचा दाखलाही फोनपुढे चेहरा धरून मिळतो. जो प्रश्न काल बँकेत होता, तो आज हजेरीपटावर आहे. तिथंही ‘कुणाकडून तरी’ म्हणणार का? दुसऱ्याचा चेहरा लावून?

खर्चाचा आक्षेप शेवटी येतो, पण मनात सर्वांत आधी असतो. यातला एक भाग मी मान्य करतो. विद्यापीठाचा संगणक विभाग म्हणजे मोजकी माणसं, डोक्यावर निकालाची तारीख, आणि सर्व्हर बसला की शिव्या त्यांनाच. त्या मुलांना जाऊन सुगम्यतेवर व्याख्यान देण्यात अर्थ नाही. त्यांनी पोर्टल लिहिलेलंच नसतं, ते विकत आलेलं असतं. दोष त्यांचा नाही. ज्यांनी निविदेच्या मसुद्यावर सही केली, त्यांचा आहे. बांधून झालेलं सुधारायला महाग पडतं हे खरं, पण म्हणूनच ते बांधण्याआधी सांगायचं असतं. ब्रह्मगिरीवर गंगाद्वाराला जायला शेकडो दगडी पायऱ्या आहेत. तो डोंगर काही कुणी निविदा काढून उभा केलेला नाही. पोर्टलची प्रत्येक पायरी मात्र निविदा काढून, सार्वजनिक पैसा मोजून, या कायद्याच्या डोळ्यांदेखत बांधली गेली. शिवाय आता विद्यापीठागणिक वेगळी प्रणाली राहिलेली नाही. ‘समर्थ’सारखी प्रणाली दिल्ली विद्यापीठात घडली आणि देशभरातली विद्यापीठं ती वापरतात. अशा सामाईक प्रणालीत एक चौकट दुरुस्त झाली की ती सगळीकडे दुरुस्त होते. खर्च एकदा, उपयोग सर्वांना. सामाईक प्रणालीचा आग्रह धरताना हाच हिशेब तर सांगितला गेला होता.

“एवढी कटकट असेल तर सुविधा बंदच करू,” असंही कधीकधी ऐकू येतं, धमकीच्या सुरात. त्याचा दाखला जगात आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाची मोफत व्याख्यानं कर्णबधिरांना वापरता येत नाहीत, अशी तक्रार झाली. अमेरिकी न्याय विभागानं २०१६ मध्ये दुरुस्ती सांगितली, तर विद्यापीठानं २०१७ मध्ये वीस हजारांवर व्हिडिओ आणि ध्वनिफिती लोकांसाठी बंदच केल्या. खापर फुटलं तक्रारदारांवर. पण त्यानं प्रकरण संपलं नाही. २०२२ मध्ये न्याय विभागाशी समझोता करून विद्यापीठाला ऑनलाइन मजकूर सुगम्य करण्याचं कबूल करावंच लागलं. मधली पाच वर्षं कुणाच्या उपयोगी पडली?

ब्रिटनचा मार्ग मला जास्त पटतो, आणि तो आपल्याला परवडणाराही आहे. तिथल्या २०१८ च्या नियमांनी सार्वजनिक संस्थांच्या वेबसाइटवर सुगम्यतेचं निवेदन सक्तीचं केलं. २३ सप्टेंबर २०१९ नंतर सुरू झालेल्या, फक्त कर्मचाऱ्यांसाठी असलेल्या अंतर्गत साइटही त्यात आल्या. म्हणून तिथल्या विद्यापीठांच्या कर्मचारी पोर्टलवर चक्क लिहिलेलं सापडतं, की अमुक पानावर कीबोर्डनं जाता येत नाही, तमुक फॉर्ममध्ये चूक झाल्याची सूचना ऐकू येत नाही, दुरुस्ती कधी होईल, तोवर काय करावं आणि कुणाकडे बोलावं. खर्च झेपत नाही असं म्हणायचीही मुभा आहे. पण त्यासाठी खर्च आणि फायद्याचं मूल्यमापन आधी करावं लागतं आणि ते निवेदनात सांगावं लागतं. आपल्याकडे हा सगळा विचार टेबलापलीकडून तोंडी, चहाच्या घोटाबरोबर उरकतो.

त्यामुळे माझी मागणी ‘उद्यापासून सगळं सुगम्य करा’ अशी नाहीच. पुढच्या अधिसभेत कुणी सदस्यानं एवढाच ठराव मांडावा : कर्मचारी पोर्टलवरच्या कोणत्या सेवा स्क्रीन रीडरनं आणि नुसत्या कीबोर्डनं वापरता येतात आणि कोणत्या येत नाहीत, याची यादी विद्यापीठानं मराठीत, युनिकोडमध्ये, स्कॅन न करता प्रसिद्ध करावी. तपासणारी माणसं कुठून आणायची, हा प्रश्न निदान नाशिक जिल्ह्यात विचारू नये. नाशिकहून त्र्यंबकच्या रस्त्याला लागलं की सातपूरला दृष्टिहीनांसाठी काम करणाऱ्या नॅब या संस्थेची महाराष्ट्र शाखा आहे. गंगापूर धरणाजवळ १९८९ पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, ज्याचं ब्रीदच ‘ज्ञानगंगा घरोघरी’ असं आहे. जो येऊ शकत नाही त्याच्यापर्यंत विद्यापीठानं जायचं, हे तत्त्व या जिल्ह्यानं विद्यार्थ्यांच्या बाबतीत साडेतीन दशकांपूर्वीच मान्य केलं. ते कर्मचाऱ्याला लावायला नवा आयोग नेमावा लागणार नाही.

आणि पुढची निविदा निघेल तेव्हा देयकाच्या अटींमध्ये एक ओळ घालावी. कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता मंजूर होण्यापूर्वी विद्यापीठातल्या दृष्टिहीन कर्मचाऱ्यांनी, शेजारी कुणी न बसता, स्वतःच्या लॉगिनमधून एक किरकोळ रजा टाकावी, महिन्याचं पगारपत्रक उतरवून त्यातली कपात वाचून दाखवावी आणि फॉर्म १६ काढावा. त्यांचा हा वेळ कामाचा वेळ म्हणून धरला जावा आणि त्यांच्या अहवालावर त्यांनीच सही करावी. रजा पडली नाही, तर हप्ताही पडणार नाही.